सामनेवाले जावईबापू

“जावयावर केस? म्याडम, लोक मला गावात फिरू देतील का?”

पैठणचे दगडूमामा प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून गरजले. मी संभाजीनगरातली साधी इन्शुरन्स एजंट. पण मामा असे बघत होते, जणू मी त्यांच्या लेकीचा संसार मोडायलाच आले होते.

झालं होतं असं. त्यांचे जावई संदीप चितेगावच्या एका कंपनीत आहेत. सासऱ्यांना कारनं घरी सोडताना वळणावर त्यांचा अंदाज चुकला आणि गाडी लिंबाच्या झाडावर आदळली. संदीपना खरचटलं, मामांचा पाय मोडला. मामा पैठणी विणतात. मागाच्या पावड्या पायानंच दाबाव्या लागतात. दुसरं ऑपरेशन झाल्याशिवाय तो पाय पावडीवर जाणार नव्हता आणि त्या ऑपरेशनसाठी मामा मागच विकायला निघाले होते!

संदीपनी मला फोन केला होता. “ताई, फुल इन्शुरन्स आहे ना? मग हॉस्पिटलचं बिल टाका की त्यात.”

‘फुल’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड गैरसमज. गाडीची दुरुस्ती ‘ओन डॅमेज’मधून होते. ‘पर्सनल अ‍ॅक्सिडेंट’ असतं ते गाडी चालवणाऱ्या मालकासाठी, तेही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. शेजारी बसलेल्याला लागलं, तर त्यानं मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा. संदीपची पॅकेज पॉलिसी होती, म्हणजे भरपाई विमा कंपनीच देणार. पण गाडीमालकाला दाव्यात सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावंच लागतं.

“पैसे कंपनी देते मामा. जावयाचं नुसतं नाव.”

“नावालाच तर जपायचं असतंय, बाई. माग गेला तरी चालंल.”

मी बाहेर आले आणि ओट्यावर बसलेल्या संदीपच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्यांचा चेहरा उजळला.

मामींनी येसराची आमटी वाढली. संदीपनी ताट सरकवलं.

मामा दचकले. “काय झालं, जावईबापू? मीठ कमी पडलं का?”

“मी नाही जेवणार.”

“आवो, पण का?”

“माझ्यावर केस करा, मग जेवतो. नाहीतर या घरचं पाणीसुद्धा नको.”

जावयाचा रुसवा! मामी पदर तोंडाला लावून उभ्या. मामांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही आग कुणी लावली, ते त्यांना कळलं होतं.

“कुठं करायची सही?” मामा म्हणाले. “आधी त्यांना जेवू द्या.”

ऑपरेशनचा खर्च तोवर संदीपनी पीएफमधून भागवला. तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, “सामनेवाला हजर आहे?”

वकिलांच्या आधी मामाच बोलले, “हजर हायेत, साहेब. त्यांनीच तर हाताला धरून आणलं मला.”

पुढं विमा कंपनीनं लोकअदालतीत तडजोड केली. पीएफचे पैसे फिटले आणि माग जागेवरच राहिला. आता मामा त्यावर बसतात, थोडे तिरपे.

हल्ली पॉलिसी विकताना मी कागद बाजूला ठेवते आणि आधी विचारते, “गाडीत सासरे बसतात का?”