दोघींचे डावे दंड

लस टोचायला सगळ्यात आधी आली नर्सबाई, आणि टोचून न घेतलेली पण तीच निघाली.

आज त्या नर्सबाईंना, सुमनबाईंना, जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहायला बसले. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, चुका पोटात घाला.

देवीची साथ होती तेव्हाची गोष्ट. केमजवळ आमची वस्ती. शेजारच्या मळ्यात एकाला देवी आल्या, म्हणून टोचणारी टीम जीप घेऊन आली. मी पहिलटकरीण, नववा सरत आलेला.

टीमचे साहेब म्हणाले, बाळंतपण करणाऱ्या बाईनं आधी टोचून घ्यायचं. नाहीतर हिला हात लावायचा नाही.

आमची सुईण गंगूकाकू. तीच अडून बसली.

"हात सुजला म्हंजी? हिला काय तुमी सोडवताय व्हय?"

मी भिंतीला टेकून ऐकतेय. देवी शेजारी, बाळ पोटात, आणि सुईण नाही म्हणतेय.

साहेब म्हणाले, सुमनबाई, तुम्ही समजवा यांना.

आता गंमत बघा. वैशाखाचं ऊन, आम्ही पदरानं वारा घेतोय आणि या बाईंच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. मला वाटलं, सोलापुरात फॅशन आली असेल.

काकूनं सरळ तिच्या बाह्या वर सारल्या.

दोन्ही दंड कोरे.

"अगं बया. आमाला शिकवतीस, आन तुजी खूण कुटं हाय?"

बाईंची मान खाली.

"माझ्या भावाला टोचलं आणि त्याच आठवड्यात तो तापानं गेला. टोचल्यानं की कशानं, कुणी सांगितलं नाही. ट्रेनिंगला मी खोटंच सांगितलं, टोचलंय म्हणून."

मला वाटलं, आता काकू हिला सोलून काढते.

काकू नुसती बाजूला सरकली.

"बस हितं. दोघी एकदमच घिऊ. भ्या वाटलं तर माजा हात धर."

मग साहेबांना म्हणाली, "डाव्या दंडाला टोचा. उजवा ह्या पोरीसाठी ठिवलाय."

टीम पुढं गेली, बाई वस्तीवरच थांबल्या. आठव्या दिवशी मला कळा सुरू.

दोघींचे डावे दंड टम्म सुजलेले, फोडांवर स्वच्छ फडकं बांधलेलं. एकीचा उजवा हात, दुसरीचा उजवा हात. दोघींत मिळून एक धड सुईण.

काकू म्हणतेय, "नीट धर की गं."

बाई म्हणतायत, "धरलंय, तुम्ही बोलू नका."

आणि मी कळा देता देता हसतेय.

मुलगी झाली. लई गोरीपान, माझ्यावर नाही गेली.

पुढं बाई वस्त्या-वस्त्यांवर फिरल्या. आधी स्वतःची खूण दाखवायच्या. म्हणायच्या, "भीती वाटते ना? मलाही वाटत होती."

सुमनबाई, तुम्ही घाबरत घाबरत दंड पुढं केलात. माझी लेक आता स्वतः आजी झालीय. नीट जा, बाई. हात जोडते.

हां, एक राहिलं. टीम दोघींच्या दंडाच्या खपल्या बघायला परत आली तेव्हा साहेबांनी विचारलं, बाळाला कधी टोचू? काकू आणि बाई दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, बारशाला या. आधी नाव ठेवू, मग टोचा.

येतो म्हणाले. गुरुवारी.