सांध्यांचं काम माझ्याकडं होतं

दोन वर्षं दर रविवारी मी गारखेड्याहून मित्राच्या बजाजनगरातल्या शेडवर जात होतो. छोट्या टेम्पोवर बसेल आणि सुटा करून गच्चीवर ठेवता येईल, असा हलका कॅम्पर, म्हणजे प्रवासात झोपायची फिरती खोली, आम्ही बनवत होतो. वेल्डिंग त्याचं, आराखडा आणि सांधे माझे. दिवाळीनंतर तो म्हणाला, "जमत नाय यार, सोडून देऊ." मी सोडून दिलं.

मार्चमधल्या एका दुपारी त्या बाजूला काम होतं, म्हणून डोकावलो. शेडमध्ये त्याच आराखड्याचे तीन कॅम्पर उभे होते. पैठणहून आलेले एक गृहस्थ चौथ्याची चौकशी करत होते. मित्रानं त्यांना माझी ओळख करून दिली, "हे आपले दोस्त. सहज बघायला आलेत."

गृहस्थांनी विचारलं, "पावसात सांध्यातून पाणी आलं तर?"

मित्र माझ्याकडं बघू लागला. दोन वर्षांची सवय होती ती. मी सांध्यातली रबरी पट्टी काढून पाणी बाहेर नेणारा तिचा उतार दाखवला.

"तुम्ही इथंच कामाला का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि पट्टी परत बसवली.