पाणबुड्या गेल्यावर

बॉनमध्ये सकाळी ट्राममधून उतरते तेव्हाच मी दमलेली असते. कुणाला सांगितलं तर हसतात. मासे बघायचं काम तुझं, त्यात दमायचं काय, म्हणे! बसा म्हणावं एकदा दिवसभर. पॅसिफिकमधल्या बेटांभोवती, प्रवाळांमध्ये पाण्याखाली कॅमेरे ठेवतात. त्यांचे व्हिडिओ आमच्या संस्थेत येतात, आणि कुठल्या बेटाच्या कुठल्या बाजूला, किती खोलीवर, कोणता मासा दिसला याची नोंद मी करते. ती बेटं मी पाहिलेली नाहीत. मला पोहतासुद्धा येत नाही. खिडकीबाहेर राखाडी आभाळ, पडद्यावर निळंशार पाणी, आणि मधे डोळे चोळत बसलेली मी.

या कामाचा एक नियम आहे, आणि आमच्या वरिष्ठ जर्मन बाईंनी तो पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात ठोकून बसवलाय. पाणबुड्या कॅमेरा ठेवून वर निघून जातो, त्यानंतरची सुरुवातीची मिनिटं धरायची नाहीत. तेव्हा जे धीट असतात तेच पुढे पुढे करतात. बुजरे मासे कपारीत दडून बसतात. माणूस खरंच गेला, अशी खात्री पटली की मग एकेक बाहेर पडतो. घाईघाईत नोंद केलीस तर नकाशावर भलतंच चित्र उमटेल, असं बाई बजावतात. मी मान डोलावते आणि म्हणते, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

मिरजेत माझे बाबा एकटे राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस, हट्टी एक नंबरचा. आई गेल्यावरही घर सोडायला तयार नाही. माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना व्हिडिओ कॉल लावते, तिकडे तेव्हा चहाची वेळ झालेली असते. ते फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि समोर ताठ बसतात. केस विंचरलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

"काय गं, आज किती मासे गावले?"

"गावले नाहीत हो बाबा, मोजले."

"एखादा तळायचा तरी! नुसतं बघून पोट भरतंय होय?"

मग मी तब्येत विचारते. ठणठणीत. गुडघा? पळतोय. जेवण? आज फक्कड आमटी केलेली. मी येऊन जाऊ का म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कशाला? तिथलं काम टाकून इथं माझं तोंड बघायला?" आणि खरं सांगू, ते ऐकून मला हायसं वाटायचं. माझं कंत्राट बेफ्रिस्टेट, म्हणजे मुदतीचं. मुदत संपत आलेली, पुढे वाढवतील की नाही कुणी धड सांगत नव्हतं. हातातली बेटं संपल्याशिवाय रजेचं नाव काढायची सोय नव्हती. बाबा विचारायचे, तुझं कसं चाललंय? मी म्हणायचे, मस्त.

हिवाळ्यातल्या एका दुपारी असंच बोलून झालं. ठेवते हं, ठेव ठेव, असं दोघंही म्हणालो. पण बोट उचलून फोन बंद करायचाही मला कंटाळा आला. समोर कुठल्याशा बेटाचा व्हिडिओ चालू होता, मी तिकडे वळले. जरा वेळाने सहज नजर फोनवर गेली.

बाबा उठत होते. टेबलावर दोन्ही हात रोवले, अर्धे उठले, परत बसले. पुन्हा उठले. मग प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलायची, तिची पाठ धरून एक पाऊल टाकायचं, पुन्हा खुर्ची. चार पावलांवरचा ओटा, पण तिथवर पोचेपर्यंत माझाच जीव थकला. ओट्यावर खानावळीचा डबा होता. उभ्यानेच त्यांनी तो उघडला, चपातीचा तुकडा मोडला, आणि तोंडात न घालताच झाकण लावून टाकलं. आमटी कुठली नि काय कुठलं!

मला संताप आला, स्वतःचाच. रोज बघत होते मी या माणसाला, आणि नेमकी सुरुवातीची मिनिटंच खरी धरत होते.

"बाबा!"

ते दचकले. खुर्ची घट्ट धरून वळले.

"हे काय चाललंय? कधीपासून? मला सांगायचं नाही होय?"

ते खुर्ची ढकलत टेबलापाशी आले, बसले. धाप लागली होती. जरा दम खाल्ल्यावर म्हणाले, "तू पण फोन बंद करायला विसरतेसच की."

"म्हणजे?"

"मस्त म्हणतेस, आणि मग टेबलावर डोकं टाकून पडतेस. डबा तसाच झाकलेला. परवा तर रडत होतीस. मी बघत बसतो. बंद करवत नाही गं. तू उठून कामाला लागलीस की मग मी हलतो. आज तुझं लक्ष माशांकडं होतं, म्हणून उठलो."

पडद्यावर कोणते मासे येऊन गेले देव जाणे, मी एकाचीही नोंद केली नाही. कंत्राटाचं काय व्हायचं ते होवो, म्हटलं मनात.

"बाबा, मी येते."

ते 'कशाला' म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांनी गुंडी काढली आणि खुर्चीत मागे टेकले.

"ये," ते म्हणाले. "लवकर ये."