अप्पांनी न दिलेला सल्ला

सत्तरच्या दशकात हुबळीतल्या आमच्या केशवापुरातली पोरं बी.ए., बी.कॉम. झाली की पेढे घेऊन आधी देवळात जायची आणि मग आमच्या अप्पांकडे यायची. वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, पण गल्लीच्या लेखी त्यांचा खरा विषय नोकरी हाच. ते अर्ज तपासायचे. इंटरव्ह्यूला बसताना खुर्ची ओढायची नाही, उचलायची, हे स्वतः करून दाखवायचे. पहिले सहा महिने साहेबाला शहाणपण शिकवू नका, असं बजावायचे. स्वतः मात्र हेडमास्तरांशी जन्मभर भांडले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं आई पुटपुटायची आणि पेढे डब्यात भरून ठेवायची.

माझं शिक्षण अर्थातच त्यांच्या सल्ल्यानं झालं. शाळा मराठी. आठवीत कन्नड घ्यायचं की संस्कृत, हा प्रश्न आला तेव्हा अप्पांनी क्षणभरही विचार केला नाही.

"कन्नड काय, बोलता येतंयच की. संस्कृतात मार्क पडतात."

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत बहुतेकांनी हेच केलं. मार्कही पडले. भाजीवालीशी मी कन्नडमध्ये अशी हुज्जत घालायचे की शेवटी तीच चार काड्या कोथिंबीर वर टाकायची. पण कन्नडचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

बी.कॉम. झाल्यावर धारवाडच्या एका सरकारी कचेरीतून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी घरी. मला हीच नोकरी हवी होती. बरोबरीच्या मुली मुंबई-पुण्याची स्वप्नं बघायच्या. मला हुबळी सोडायची कल्पनाही सोसत नव्हती.

साहेब वयस्क होते. मी खुर्ची उचलून बसले. प्रश्न कन्नडमध्ये, उत्तरं कन्नडमध्ये, सगळं झकास चाललं होतं. मग त्यांनी अळणावरकडच्या कुणा शेतकऱ्याचा अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि वाचून दाखव म्हणाले. मी त्या कागदाकडे नुसती बघत राहिले. शेवटी, मला वाचता येत नाही, असं कबूल केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद परत घेतला आणि शांतपणे म्हणाले, "तंगी, इथं येणाऱ्याला वाचता येत नाही, म्हणून तर तो येतो. वाचणारंही तसंच असलं तर त्यानं जायचं कुठं?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या एका शब्दानं मला जास्तच लाज वाटली. परतीच्या बसमध्ये रायापूर येईपर्यंत मी डोळे पुसत होते. घरी आल्यावर अप्पांना सगळं सांगितलं, आणि मनातला राग काढत वर म्हटलं, "संस्कृतात मार्क पडले हो, अप्पा." अप्पांनी चष्मा काढून ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारच्या अक्कांकडे पहिलीचं कन्नड पुस्तक घेऊन बसले. त्या शिक्षिका होत्या; वीस वर्षांची घोडी काना-मात्रा गिरवते म्हणून हसायच्या, पण शिकवायच्या मनापासून. चार महिन्यांत मी पेपर वाचू लागले. तेवढ्यात, मागे सहज अर्ज टाकला होता त्या पुण्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून नेमणुकीचा कागद आला. धारवाडची भरती पुन्हा कधी निघणार, कुणास ठाऊक. मी अप्पांना विचारलं, "जाऊ का?"

गल्लीतल्या पोरांना तासतासभर सल्ला देणारे अप्पा म्हणाले, "तुझं तू बघ."

मला वाटलं, माझ्या त्या टोमण्याचा राग अजून आहे. त्याच तिरमिरीत मी बॅग भरली, मिरजेला गाडी बदलली आणि पुण्याच्या वसतिगृहात जाऊन पडले. रोज संध्याकाळी हुबळीची आठवण यायची. भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करताना मजा यायची नाही. आजूबाजूला कुणी कन्नड बोललं की पाय आपोआप थांबायचे.

दुसऱ्या वर्षी धारवाडची भरती निघाली. या वेळी लेखी परीक्षा होती. मी हुबळीचा पत्ता घालून अर्ज केला. परीक्षेचं कन्नड पत्र घरी आलं, ते अप्पांनी पाकिटात घालून पुण्याला पाठवलं. सोबत त्यांच्या सुरेख अक्षरात एकच ओळ होती. परीक्षेची तारीख. ये नाही, येऊ नको नाही. मी आठवडाभर दुसऱ्या पत्राची वाट पाहिली. इकडे मी नुकतीच कायम झाले होते, साहेब रजा द्यायला कुरकुरत होते. अप्पांना मी परत यावं असं वाटतच नसेल, तर कशाला जीव टाकायचा, अशी मीच माझी समजूत घातली. परीक्षेच्या दिवशी ऑफिसात बसून टाइप करत राहिले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा चकल्या तळता तळता आईनं सांगितलं. परीक्षेच्या दिवशी अप्पा रजा टाकून सकाळच्या पहिल्या बसनं धारवाडला गेले होते. तू मिरजेच्या गाडीनं थेट तिथंच उतरशील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ऐनवेळी अडू नये म्हणून खिशात शाई भरलेली दोन पेनं होती. पेपर सुटून पोरं बाहेर पडेपर्यंत फाटकापाशी उभे होते.

"मग मला ये म्हणून का नाही लिहिलं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "एकदा चुकलं की गं त्यांचं. पुन्हा तुला काही सांगायची छाती झाली नाही."