भुयाराचा अर्ज

गिरण्यांचा संप फसल्यानंतरची दोन-तीन वर्षं. घाटकोपरला आमची चाळ पूर्वेला, दवाखाना पश्चिमेला आणि मधे रूळ. पूल होता, पण लांब, स्टेशनात. सगळे रूळच ओलांडायचे. माझ्या शेजाऱ्याचा पाय तिथेच गेला, गुडघ्याखालून. तो मूळचा मालवणकडचा, संपात गिरणीची नोकरी गेलेला. पुलाच्या पायऱ्या त्याला चढवत नसत, म्हणून मलमपट्टीला तो कुबडीवर तेच रूळ ओलांडायचा. बायको पुढे उभी राहून गाडी येते का बघायची आणि हात हलवायची.

चाळीने ठरवलं, रुळांखालून माणसांना जायला भुयार मागायचं. बोलायला मला पुढे केलं. पाडलेल्या बंगल्यांचे दरवाजे-खिडक्या विकून मी वर आलो होतो. हवं त्याच्या चौपट मागायचं, समोरच्याला चिडू द्यायचं, मग उपकार केल्यासारखं खाली यायचं, हा माझा धंदा.

तेव्हा शहरात भुयारी रेल्वे आणायच्या गप्पा चालल्या होत्या. पेपरात नकाशे यायचे. सगळ्या रेघा दक्षिणेला, आमच्या बाजूला कोरा कागद. माझं डोकं फिरलं. अर्जात लिहिलं, भुयारी रेल्वे शहराआधी उपनगरांना द्या, घाटकोपर ते मुलुंड.

शेजारी म्हणाला, "अरे, आमका रेल्वे कित्याक? खाली एक भोक पाडून दिल्यानी तरी पुरे."

"तू गप बस," मी म्हणालो. "तुम्हाला मागता येत नाही, म्हणून तर संपात मेलात."

रेल्वेच्या कचेरीत मी त्याला मुद्दाम साहेबासमोर बसवलं आणि लेंगा वर कर म्हटलं. तो नको म्हणत होता. मीच वाकून गुंडाळला. साहेबाने एकदा पायाकडे पाहिलं आणि अर्ज वाचायला घेतला. मी थांबलो. आता हा म्हणेल, रेल्वे कुठली देणार, दुसरं काही सांगा. मग मी भुयारावर उतरणार होतो.

"छान," साहेब म्हणाला आणि शिक्का मारला. "मागणी नोंदवली."

"तोवर निदान रुळांखालून एक वाट..."

"अहो, एका अर्जात दोन मागण्या कशा घेऊ? हा अर्ज आता रेल्वेच्या योजनेबरोबर जाईल."

मी वर्षभर खेटे घातले. उत्तर एकच: आधी शहराचं ठरेल, मग उपनगरांचं बघू. आमच्या पुढच्या कॉलनीने नुसतं भुयार मागितलं होतं. त्यांच्याकडे खोदकाम सुरू झालं.

चाळ माझ्यावर उलटली. नळावर बायका मला ऐकू जाईल अशा बोलायच्या, "रेल्वेवाले शेठ आले, वाट द्या." शेजारी एकदाच म्हणाला, "माझो पाय दाखवलंस, तो तरी नीट विकूचो होतो." मी त्याला भर गॅलरीत आईवरून शिव्या दिल्या. माझी मागणी चुकीची नव्हती. आजही मी तेच म्हणेन. राबणारी माणसं आमच्याकडे राहतात आणि पैसा जिथे आधीच सगळं आहे तिथे ओततात. घासाघीस न करणारा माणूस त्या खुर्चीत निघाला, यात माझा काय दोष?

पुढच्या वर्षी कुबडी खडीत अडकून तो रुळांवर पडला. बायकोने काखेत धरून ओढला म्हणून वाचला. त्यानंतर त्यांनी गावी जायचं ठरवलं आणि खोली विकायला काढली. घेणारा मीच निघालो. मी सांगितलं, ही दवाखान्याला मुकलेली बाजू, पोराबाळांचा माणूस इथे खोली घेणार नाही, भाव मी म्हणतो तोच.

बायकोने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "भावोजी, भुयार झालं असतं तर किती दिले असते?"

"दुप्पट," मी म्हणालो आणि सहीचा कागद शेजाऱ्यापुढे सरकवला.