हर्नियाचं ऑपरेशन, असं मी आईला सांगितलं

डॉक्टरांनी माझी छाती बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाले, "ही नुसती चरबी नाही. गायनेकोमास्टिया आहे." म्हणजे पुरुषाच्या छातीत स्तनाची ग्रंथी वाढणं. व्यायामाने ती जात नाही. बेंगळुरूत महादेवपुऱ्याच्या जिममध्ये इतकी वर्षं घाम गाळला तो कशासाठी, असं झालं मला.

रक्तातली हार्मोन्स तपासली, सोनोग्राफी झाली. काळजीचं काही निघालं नाही, पण ग्रंथी घालवायची तर ऑपरेशनच करावं लागणार होतं. निपाणीला आईला फोन केला आणि सांगितलं, हर्नियाचं किरकोळ ऑपरेशन आहे, येऊ नकोस. तिशी उलटली तरी आईसमोर छातीचं नाव काढायची मला लाज वाटत होती. खोटं मात्र सहज जमलं.

आई अर्थातच आली. मऊ भातासाठी पिशवीभर तांदूळ घेऊन, जणू बेंगळुरूत तांदूळच मिळत नाहीत.

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. पूर्ण भूल देतात. आधी लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून घेणं. मग स्तनाग्राच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात. जाग येते तेव्हा बाजूला ड्रेन असतो, साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी. दुखतं, पण गोळ्यांनी सोसवतं. सूज आणि काळेनिळे डाग पाहून घाबरू नका. एक घट्ट बनियन कित्येक आठवडे अंगात ठेवावं लागतं. त्याने इतकी खाज सुटते की माणूस घरच्यांवर खेकसतो. मीही खेकसलो. स्तनाग्राभोवती बरेच दिवस बधिर राहतं.

हे सगळं डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. आईला कोणीच सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर नर्सने तिला कन्नडमध्ये विचारलं, छातीचा ड्रेन उद्या काढायचाय, तुम्ही थांबणार ना? आईने मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही, हर्नियाबद्दल एक शब्द विचारला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या तपासणीला ती हट्टाने आत आली आणि डॉक्टरांना कन्नडमध्येच म्हणाली, चूक माझी आहे. बाळंतपणात न्हाऊ घालणाऱ्या बाई सांगायच्या, पोराची छाती पिळून दूध काढून टाकायचं, नाहीतर पुढे वाढते. हा फार रडायला लागला म्हणून मीच त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"तप्पिल्ला अम्मा, तुमची काही चूक नाही," डॉक्टर म्हणाले. आईच्याच हार्मोन्समुळे नवजात बाळाच्या छातीत थोडं दूध येतं, ते आपोआप आटतं. पिळलं तर पू होण्याची भीती. तुम्ही हात धरलात तेच बरं केलंत.

आई तिथेच रडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "शाळेत असल्यापासनं बघतोय की मी, कुणापुढं शर्ट काढत नव्हतास. हर्निया म्हणालास आन् नर्स छातीचं बोलली, तवा वाटलं, ह्याला सगळं ठावं हाय. माझ्यावर राग हाय, म्हणून लपवायलाय."

"राग नव्हता गं आई, लाज वाटत होती," मी म्हणालो. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला.

माझी छाती आता सपाट आहे, डॉक्टरांचे उपकार आहेत. पण त्याहून मोठे उपकार त्यांच्या त्या दोन वाक्यांचे. ती आईच्या कानावर पडायला इतकी वर्षं लागली, ती माझ्यामुळे. तुम्ही घरी सांगून जा. आपण लाजेने गप्प बसतो, तेव्हा घरातलं कोणीतरी स्वतःला दोष देत बसलेलं असतं. माझ्या घरात ती आई होती.