वेताळाच्या नाकपुड्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कोंडाजीबाबा शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो.

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात मी शाळेत इंग्रजी शिकवतो. आमच्या गावात बोहाडा होतो, देवादिकांची सोंगं नाचवतात. त्याचे लाकडी मुखवटे कोंडाजीबाबा कोरायचे. डोळे, दात, जीभ आधी, नाकपुड्या शेवटी. भोकं पाडली की मुखवटा तोंडाला लावून पहिला श्वास स्वतः ओढायचे, आणि मग बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. "थोडा दम त्यातच ऱ्हातो मास्तर," म्हणायचे.

एकदा मी फुशारकीनं सांगितलं, "बाबा, कलावंताला आतून सुचतं ना, त्याला इंग्रजीत इन्स्पिरेशन म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. अर्थ, आत फुंकणं. देवच माणसात फुंकर घालतो, असं जुने लोक मानायचे. पुढे साध्या श्वास घेण्यालाही तोच शब्द आला."

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "आन फुकनारा कोन, ते लिवलंय का?"

"नाही."

"मंग अर्धंच शिकिवता की पोरांना!" ते खो खो हसले. मला काही हसू आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. वेताळाचा मुखवटा नाकपुड्यांवाचून अडला होता. त्यांनी तो आणि भोकं पाडायचं गिरमिट माझ्या हातात दिलं. "आमच्या घरची हसत्यात या दमाच्या गोष्टीला. तुमच्या पुस्तकात हाय, तवा तुमीच पाडा. पहिला दम बी तुमीच वढा."

मी हो म्हणालो. घरी भर दुपारी दार लावून गिरमिटाचं टोक लाकडाला टेकवलं आणि माझा श्वास अडकला. वीस वर्षं तो शब्द मी फळ्यावर बिनधास्त लिहिला होता. आता वाटलं, लाकडापलीकडे कुणीतरी दम धरून बसलंय, माझ्या श्वासाची वाट बघतंय. मी गिरमिट ठेवून दिलं.

बाबांनी अंथरूण धरल्यावर भेटायला गेलो. छाती घरघरत होती. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"पाडली?"

"पाडली."

"दम वढला?"

"ओढला."

"कसं वाटलं?"

"हलकं वाटलं, बाबा."

त्यांनी माझं मनगट सोडलं. "मंग बरं. मला वाटलं, तुमी भ्याला आसाल."

तिसऱ्या दिवशी ते गेले. मुखवटा तडकला, असं मी गावाला सांगितलं. पुढच्या बोहाड्यात वेताळ नाचला नाही. मुखवटा माझ्या कपाटात आहे, आणि त्या खोलीत मी एकटा थांबत नाही.

बाबांना कबूल केलेली दोन भोकं मी अजून पाडलेली नाहीत.